जुन्या चित्रांमधला अल्बाट्रॉस कायम खडकावर का उभा असतो?

दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. साधारण १७४० ते १९१० या काळातली भरसमुद्रातल्या पक्ष्यांची चित्रे ओळीने बघितली की एक गोष्ट खटकते. अल्बाट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर, फ्रिगेटबर्ड ही मंडळी अख्खे आयुष्य लाटांवर काढतात, जमिनीवर येतात ती मुख्यतः वीण घालायला. चित्रात मात्र बहुतेक वेळा पंख मिटून, ताठ मानेने, एखाद्या खडकावर किंवा गवताच्या पुंजक्यावर उभी. मागे नावापुरती निळी रेघ, तोच समुद्र.

माझे मत सरळ आहे: या चित्रकारांनी समुद्र पाहिलाच नव्हता. लंडन-पॅरिसमध्ये बसून भुसा भरलेले पक्षी रंगवले, दुसरे काय होणार?

दोन प्रश्न:
१) हे मत बरोबर आहे का?
२) रेखाटनाच्या सरावासाठी जुन्यांपैकी कुणावर विसंबावे?

टाकबोरू

मत अर्धेच बरोबर आहे. समुद्र पाहिलेले चित्रकार होते आणि चांगले होते.

सिडनी पार्किन्सन १७६८ मध्ये कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावर होता, निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सच्या पदरी. वारा पडला की बँक्स छोटी होडी पाण्यात सोडायचा, पक्षी मारून आणायचा, त्याचा सहकारी सोलांडर लॅटिनमध्ये वर्णन लिहायचा आणि पार्किन्सन चित्र काढायचा. म्हणजे पक्षी मेल्यापासून कागदावर उतरेपर्यंत मध्ये फारसा वेळ जात नसे. चोच, पाय, डोळा यांचे खरे रंग त्याला बघायला मिळाले, जे पुढच्या शंभर वर्षांत फार थोड्यांना मिळाले. वेळ कमी पडला की तो पेन्सिलीची बाह्यरेषा काढून थोडा भाग रंगवायचा, बाकी रंग शब्दांत टिपून ठेवायचा. जानेवारी १७७१ मध्ये, बटाव्हियाहून (आजचे जकार्ता) परत निघाल्यावर, तो आमांशाने जहाजावरच गेला. राहिलेली चित्रे तशीच राहिली.

कुकच्या दुसऱ्या सफरीत, १७७२ ते ७५, 'रिझोल्यूशन'वर जॉर्ज फॉर्स्टर होता. निघताना वय १७. १७ जानेवारी १७७३ ला हे जहाज अंटार्क्टिक वृत्ताच्या आत गेले, त्याआधी कुणी गेल्याची नोंद नाही. हिमपेट्रेल आणि अंटार्क्टिक पेट्रेल त्याने तिथे बर्फातच बघून काढले. हिमपेट्रेलचे शास्त्रीय नावही त्याच्याच १७७७ च्या प्रवासवर्णनातून आले आहे.

गोची पुढे झाली. बँक्सने प्राण्यांची चित्रे छापलीच नाहीत. थोरल्या फॉर्स्टरची, म्हणजे जॉर्जच्या वडिलांची, प्राणिवर्णने छापून आली १८४४ मध्ये, तो गेल्यावर ४६ वर्षांनी. समुद्र पाहिलेल्यांची चित्रे कपाटात राहिली आणि न पाहिलेल्यांची बाजारात आली. तुम्हाला दिसतात ती बहुतेक दुसऱ्या गटातली.

अवांतर: केप हॉर्न ओलांडल्यावर ३ फेब्रुवारी १७६९ ला मारलेले अल्बाट्रॉस बँक्सने ५ तारखेला खाल्ले आणि कृतीही लिहून ठेवली. रात्री कातडे सोलून धड सकाळपर्यंत खाऱ्या पाण्यात भिजत ठेवायचे, मग अर्धवट उकडून ते पाणी फेकून द्यायचे, नंतर अगदी थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचे आणि चमचमीत रश्शाबरोबर वाढायचे.

खमंग_फोडणी

धागा पाककृती विभागात हलवावा ही संपादक मंडळाला विनंती. पहिले पाणी फेकायला सांगितले यातच सगळे आले. मासळीच्या तेलाचा दर्प दुसरे काय!

शाईची_दौत

टाकबोरूंशी सहमत, पण खडकावर उभे राहण्याचे मोठे कारण राहिले: कागद.

वाँडरिंग अल्बाट्रॉसचा पंखविस्तार अडीच ते साडेतीन मीटर. अमेरिकेचे पक्षी रंगवणाऱ्या ऑड्युबॉनचा 'डबल एलिफंट' कागद, त्या काळातला छपाईचा जवळजवळ सगळ्यात मोठा, साधारण १०० गुणिले ६७ सेंटिमीटर. ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांवर ग्रंथ काढणाऱ्या इंग्रज गूल्डचा 'इम्पीरियल फोलिओ' लांबी-रुंदीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. पक्षी पूर्ण आकारात दाखवायचा हट्ट असेल तर पंख उघडायला जागाच नाही. मिटलेल्या पंखाचा अल्बाट्रॉससुद्धा चोचीपासून शेपटीपर्यंत १०७ ते १३५ सेंटिमीटर भरतो, तोही ऑड्युबॉनच्या कागदात सरळ मावत नाही. मग मान वाकवा, नाहीतर आकार कमी करा. बहुतेकांनी पंख मिटले आणि आकार कमी केला.

हेच स्टॉर्म पेट्रेलच्या बाबतीत उलटे. पक्षी जेमतेम १५ ते २० सेंटिमीटरचा. त्यामुळे ऑड्युबॉनचे स्टॉर्म पेट्रेल मोकळेपणी पंख पसरून लाटांवर दिसतात. तोच माणूस, तीच पद्धत, फक्त पक्षी कागदात मावला.

दुसरे कारण ग्राहक. हे ग्रंथ वर्गणीदारांना हप्त्याहप्त्याने जायचे. वर्गणीदाराला पिसांची रचना, शेपटीचा आकार, पायाचे पडदे सगळे एका चित्रात हवे असायचे. उडणाऱ्या पेट्रेलचे पाय दिसत नाहीत, म्हणून त्याला उभे करायचे.

हाडं_आणि_पिसं

आता कातड्याचा भाग मी घेतो, कारण निम्मे घोटाळे तिथले आहेत.

समुद्री पक्ष्याच्या कातड्याखाली चरबीचा जाड थर असतो. कातडे सोलताना ती पूर्ण खरवडली नाही आणि भुसा, पीठ किंवा प्लास्टर लावून तेल शोषून घेतले नाही, तर ती हळूहळू पिसांत झिरपते आणि हवेने पिवळी पडते. पांढरे पोट साईसारखे पिवळट होते, कातडे ठिसूळ होऊन फाटते. चित्रकार बिचारा समोर दिसते तेच रंगवतो. जुन्या चित्रात एखाद्या पेट्रेलचे पोट मळकट पिवळे दिसले तर आधी चरबीवर संशय घ्यावा.

काळ्या पक्ष्यांचे वेगळे. काळी पिसे संग्रहात वर्षानुवर्षे राहिली की तपकिरीकडे झुकतात. ताज्या पक्ष्याचा काजळी रंग नि पन्नास वर्षे जुन्या कातड्याचा चॉकलेटी रंग यांत बराच फरक पडतो.

उघड्या भागांचे तर विचारूच नका. वाँडरिंग अल्बाट्रॉसची चोच जिवंतपणी गुलाबी असते, वाळली की शिंगासारखी पिवळट. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलच्या बोटांमधले पडदे पिवळे असतात, कातड्यात तो पिवळा मरतो. नर फ्रिगेटबर्डच्या गळ्याची लाल पिशवी सुकून चामड्याची चिंधी होते. डोळा तर राहतच नाही, तिथे कापूस असतो. म्हणून बुबुळाचा रंग बऱ्याचदा चित्रकाराच्या मनाचा.

अठराव्या शतकात आर्सेनिकचा साबण सर्रास वापरात नव्हता, किडे पिसे खायचे. दुसरा मार्ग म्हणजे अख्खा पक्षी दारूत बुडवून आणणे. आकार टिकतो, रंग जातो.

निळीशाई

@टाकबोरू, एक शंका. वारा पडल्यावरच होडी सोडत असतील तर त्यांना पक्षी उडताना कितीसे दिसणार? अल्बाट्रॉस वाऱ्यावर जगतो. वारा नसला की पाण्यावर बसून राहतो.

टाकबोरू

@निळीशाई, बरोबर पकडलेत. हातात आलेले बरेचसे नमुने निवांत हवेतले. जोराच्या वाऱ्यात उडणारे पक्षी डेकवरून तासन्‌तास दिसायचे, पण त्यांना मारून उपयोग नव्हता, आणायला होडी कोण सोडणार? म्हणून उड्डाण नजरेत राहिले आणि मोजमाप बसलेल्या पक्ष्याचे मिळाले. गूल्डचेही तेच. १८३८ मध्ये तो 'पार्सी' जहाजाने होबार्टला गेला, वाटेत वारा पडला की होडीतून पेट्रेल गोळा करायचा. खलाशांची गळाला चरबी लावून अल्बाट्रॉस पकडायची पद्धत होतीच. त्यात पक्षी जिवंत डेकवर यायचा, पण डेकवर अल्बाट्रॉस धड उभाही राहत नाही.

म्हणून दर्यावर्दींच्या मतात दुरुस्ती सुचवतो: समुद्र पाहिला होता, पण पक्षी हातात येईपर्यंत वारा गेलेला होता.

दर्यावर्दी

दुरुस्ती मान्य. मग एखादे चित्र समोर आले तर ते कातड्यावरून काढले की ताज्या पक्ष्यावरून, हे ओळखायचे कसे? म्हणजे मजकूर न वाचता, नुसत्या चित्रावरून.

हाडं_आणि_पिसं

खात्रीलायक एकच खूण नाही, पण खालच्या क्रमाने बघत गेल्यास बरेच कळते.

आधी नाक. पेट्रेल आणि शिअरवॉटरच्या नाकपुड्यांच्या नळ्या चोचीच्या वरच्या कण्यावर एकत्र जोडलेल्या असतात. अल्बाट्रॉसच्या नळ्या वेगवेगळ्या, चोचीच्या दोन्ही बाजूंना एकेक, छोट्या. अल्बाट्रॉसच्या चोचीवर मधोमध जोडनळी काढली असेल तर चित्रकाराने पेट्रेलवरून अंदाज बांधला. चोच एकसंध गुळगुळीत दाखवली असेल तरी तेच. ती सुट्या शिंगी पट्ट्यांची असते आणि सांधे स्पष्ट दिसतात. बूबी आणि गॅनेटला तर बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतातच. त्यांच्या चोचीवर ठसठशीत भोक दिसले की तो चित्रकार सवयीने हात चालवत होता.

मग पाय. अल्बाट्रॉसला मागचे बोट जवळजवळ नाहीच, पेट्रेलला असलेच तर नखाएवढे. बदकासारखे लोंबते मागचे बोट म्हणजे चूक. बूबी, ट्रॉपिकबर्ड आणि फ्रिगेटबर्ड यांची चारही बोटे पडद्याने जोडलेली असतात, फ्रिगेटबर्डमध्ये तो पडदा आखूड. फ्रिगेटबर्डच्या मधल्या नखाच्या कडेला फणीसारखे दाते असतात. ते काढलेले दिसले तर समजा माणसाने भिंग घेऊन नमुना पाहिला आहे.

मग उभे राहण्याची ढब. बहुतेक पेट्रेल आणि शिअरवॉटर जमिनीवर नीट उभे राहू शकत नाहीत, नडगी टेकून पोटावर सरपटतात. सरळ उभा शिअरवॉटर हा तारेवर उभा केलेला शिअरवॉटर. (अल्बाट्रॉस मात्र वसाहतीत उभा राहतो आणि चालतोही, त्याला या नियमातून वगळा.)

शेवटी पंखाची घडी. अल्बाट्रॉसचे दंड आणि कोपरापुढचे हाड दोन्ही फार लांब. भुसा भरताना हाडे बाहेर काढून पंख अंगाला बांधला की ही लांबी हरवते आणि मिटलेला पंख गल पक्ष्यासारखा आटोपशीर दिसतो. खऱ्या पक्ष्यात तो अंगाबाहेर अडचण होऊन बसतो.

बोरूबहाद्दर

साष्टांग नमस्कार या प्रतिसादाला. वाचनखूण साठवली आहे.

पिंपळपान

ऑड्युबॉनचे कौतुक थोडे आवरा. तो ताजे पक्षी तारांनी चौकडीच्या फळीवर टोचून काढायचा, हे खरे. पण जे पक्षी त्याला मिळालेच नाहीत तिथे काय केले? चित्र क्रमांक ४०७, 'डस्की अल्बाट्रॉस'. त्याने तो टाउनसेंड या निसर्गअभ्यासकाने पाठवलेल्या कातड्यावरून काढला आणि ठिकाण सांगितले कोलंबिया नदीच्या मुखाजवळचे, म्हणजे अमेरिकेचा वायव्य किनारा. चित्रातला पक्षी काजळी अल्बाट्रॉसांच्या फिबेट्रिया वंशातला. हा वंश दक्षिण महासागरातला. टाउनसेंडचा प्रवास पॅसिफिकमधून मोठा झाला होता, नमुन्यावरची ठिकाणाची चिठ्ठी कुठेतरी बदलली असणार असे धरायला पुरेशी जागा आहे. चित्र सुंदर, माहिती लंगडी.

शिवाय या वंशात दोन जाती. एकीच्या खालच्या चोचीवरची रेघ पिवळी-नारिंगी, दुसरीची निळसर. कातड्यात दोन्ही विझतात. म्हणजे जात सांगणारा रंगच चित्रकाराला दिसणे शक्य नव्हते.

शाईची_दौत

@पिंपळपान, चिठ्ठीचा दोष ऑड्युबॉनवर कसा टाकता? आणि ताम्रपटाचे, म्हणजे छपाईचा तांब्याचा पत्रा कोरण्याचे, काम हॅवेलचे होते, त्यातली करामतही बघा. पांढरा पक्षी पांढऱ्या कागदावर दाखवायचा कसा, हा प्रश्न अॅक्वाटिंटने सोडवला. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवून तापवायची, ती कणाकणाने चिकटते. मग आम्ल कणांच्या मधल्या जागा खाते. जास्त वेळ आम्लात, तेवढा गडद करडा. पुरेसे खाल्ले तिथे वार्निश लावून झाकायचे आणि पुन्हा बुडवायचे. असे टप्प्याटप्प्याने ढग आणि पाणी करडे होते, पक्ष्याचे अंग कागदाचेच पांढरे राहते. त्याआधी नुसत्या रेषांनी कोरणारे पांढऱ्या पोटावर सावलीसाठी आडव्या रेघा मारायचे आणि टर्न मळलेला दिसायचा.

ताम्रपटाची आणखी एक खोड: चित्र उलटे छापले जाते. पत्र्यावर चित्र आरशात बघून उतरवले नसेल तर डावीकडे बघणारा पक्षी उजवीकडे बघतो. मूळ रंगचित्र आणि छापील प्रत शेजारी ठेवली की कळते. पक्षी सममित असल्याने नुकसान नाही, पण पार्श्वभूमीतले बेट ओळखायला जाल तर फसाल.

जुनापुराणा

सगळे एडवर्ड्सला विसरले. जॉर्ज एडवर्ड्सने १७४३ ते ५१ या काळात चार भागांत पक्षी छापले, आणि ताम्रपट स्वतःच खोदले, ते तो केट्सबीकडून शिकला होता. मध्ये दुसरा कोरणारा नसल्याने चुका त्याच्या स्वतःच्या, उसन्या नाहीत. नमुना कुणाकडे पाहिला, कुठून आला, माप काय, हे तो मजकुरात लिहितो. लिनियसने १७५८ मध्ये वाँडरिंग अल्बाट्रॉसला डायोमिडिया एक्सुलन्स हे नाव दिले तेव्हा एडवर्ड्सच्या चित्राचा आधार घेतला. तीच गोष्ट फ्रेंच चित्रकार मार्टिनेची. निसर्गअभ्यासक ब्यूफाँसाठी काढलेल्या १००८ रंगीत पाट्यांपैकी (छापील चित्रांपैकी) ९७३ पक्ष्यांच्या, नि त्यांतल्या कित्येकांवरून डच अभ्यासक बोडार्टने १७८३ मध्ये नुसती पाटी बघून लॅटिन नावे दिली. तांबड्या शेपटीचा ट्रॉपिकबर्ड, पाटी ९७९, त्यातलाच.

म्हणून ही चित्रे नुसती 'चुकीची' म्हणून बाजूला टाकता येत नाहीत. नमुना हरवला असेल तर नावाचा आधार म्हणून कागदच उरतो, आणि कागदावरची चूक जातीला चिकटते.

रापण

कोकणाशी संबंध येतो तेवढे लिहितो. आपल्याकडे जून ते ऑगस्टच्या वादळी वाऱ्यात मास्क्ड बूबी, लेसर फ्रिगेटबर्ड, सूटी टर्न, ब्रायडल्ड टर्न, शिअरवॉटर, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल असे पक्षी थकून किनाऱ्यावर येतात. ओळखायला बसलो की या धाग्यातले सगळे घोटाळे एकदम समोर येतात.

सूटी आणि ब्रायडल्ड टर्न घ्या. सूटीच्या कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्यापाशी थांबतो, ब्रायडल्डचा भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. सूटीची पाठ काळी, ब्रायडल्डची करडी-तपकिरी. आता वर हाडं_आणि_पिसं यांनी सांगितलेले लावा: जुन्या कातड्यातला सूटी तपकिरी होतो. अशा कातड्यावरून रंगवलेल्या चित्रातली पाठ बघून ओळखायला गेलात की ब्रायडल्ड ठरवून मोकळे. कपाळ बघा, पाठ नको. वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करतो तो ब्रायडल्ड.

फ्रिगेटबर्डचे त्याहून वाईट. लेसरच्या नराची खूण म्हणजे काखेतला पांढरा तुकडा, ग्रेट फ्रिगेटबर्डचा नर पूर्ण काळा. पंख मिटून बसवलेल्या चित्रात काख झाकली जाते. चित्रातला पक्षी कितीही सुबक असो, ओळखायला शून्य उपयोग.

किनाऱ्यावर पक्षी मिळाला तर वनखात्याला कळवा, पाण्यात परत फेकू नका, घशात मासा कोंबू नका, उघड्या हाताने धरू नका. मेलेला असेल तर कातडे-पिसे घरी नेणे वन्यजीव कायद्यात बसत नाही. फोटो मात्र भरपूर काढा, शेजारी पट्टी ठेवून: चोच बाजूने आणि वरून म्हणजे नळ्या दिसतील, पंख उघडून वरची आणि खालची बाजू, पाय बोटे फाकवून, डोळा जवळून. चोच, पाय, बुबुळ यांचे रंग तिथल्या तिथे लिहून ठेवा, फोटोवर भरवसा नको. ओल्या वाळूवरून येणारा प्रकाश रंग बदलतो.

टाकबोरू

म्हणजे पार्किन्सनचीच पद्धत. बाह्यरेषा आणि रंगांच्या नोंदी.

@रापण, पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूमने १८७५ मध्ये लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याची फेरी केली, ते वर्णन त्याच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आहे. त्याचा सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. ह्यूमने जमवलेली आपल्या किनाऱ्याची कातडी बघायची तर इंग्लंडमधले ट्रिंग गाठावे लागते, तो संग्रह आता तिथे आहे.

मोरपंखी

पण मग भारतातल्या चित्रकारांनी समुद्री पक्षी का काढले नाहीत? लेडी इम्पींसाठी कलकत्त्यात शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास यांनी काढलेले पक्षी तर युरोपातल्या कुणाच्याही तोडीचे आहेत.

जुनापुराणा

कारण ते इम्पींच्या बागेत पाळलेल्या जिवंत पक्ष्यांवरून काढले, १७७७ ते ८२ च्या दरम्यान. म्हणूनच पाय, पकड, पिसांची ठेवण इतकी नेमकी. पेट्रेल पिंजऱ्यात ठेवता येत नाही, उपाशी मरतो. जिवंत बघून काढणारी परंपरा पिंजऱ्यातल्या पक्ष्यापाशी थांबली आणि भरसमुद्र कातडेवाल्यांकडे गेला.

हिशेबनीस

थोडे व्यवहाराचे विचारतो. जुन्या बाजारात गूल्ड, ऑड्युबॉनच्या नावाने समुद्री पक्ष्यांची चित्रे विकायला येतात. खरे कसे ओळखायचे?

शाईची_दौत

दहापट भिंग घ्या, बाकी गप्पा नंतर.

समान अंतरावर मांडलेले रंगीत ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे विसाव्या शतकातली नक्कल. फ्रेम कितीही जुनी असो. ऑड्युबॉनची १९७१-७२ ची अॅम्स्टरडॅम आवृत्तीही ऑफसेटच, पण ती २५० प्रतींची आणि तिला स्वतःची किंमत आहे.

ठिपके नसतील तर कागदाच्या कडेजवळ बोट फिरवा. ताम्रपट दाबाखाली छापतात, पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदावर उमटतो. शिळाछापात तो नसतो. हॅवेलच्या ऑड्युबॉनला तो हवाच, आणि उजेडासमोर धरल्यावर 'जे व्हॉटमन' आणि वर्ष असा पाणछाप दिसायला हवा. समासच कापलेला असेल तर विक्रेत्याला का ते विचारा. १८५८ ते ६० ची बीनची आवृत्ती मोठीच आहे, पण रंगीत शिळाछापाची. आणि ६.५ गुणिले १० इंचांच्या आसपासची छोटी चित्रे १८४० ते ४४ च्या लहान आवृत्तीची.

गूल्ड म्हणजे हाताने रंगवलेला शिळाछाप. झोल्नहोफेनच्या चुनखडीवर तेलकट खडूने चित्र, त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल, मग दगड ओला करून शाई फिरवायची. शाई तेलकट रेषेलाच लागते. छापून निघायचे ते फक्त काळे. भिंगाखाली खडूची दाणेदार रेघ दिसते, रंग तिच्यावरून वाहतो, कडेला साचतो, कुठे कुठे रेषेबाहेर जातो. रेषेत काटेकोर बसलेला रंग संशयास्पद. डोळ्यावर डिंकाची चकाकी दिली असेल तर तिरक्या उजेडात दिसते.

आणि दोन खऱ्या प्रती रंगाने सारख्या नसतात. ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांची मूळ ६०० चित्रे, वर्गणीदार दोनशेवर, म्हणजे एक लाख वीस हजारांच्या वर कागद हाताने रंगवायचे. एकाच जातीचे पाय एका प्रतीत गुलाबी आणि दुसरीत मांसल तपकिरी असतील तर तो वेगळा उपप्रकार नव्हे, वेगळा कामगार.

हिशेबनीस

धन्यवाद. एका चित्रात टर्नच्या छातीवर काळपट डाग आहेत, बुरशी समजायची का?

शाईची_दौत

डाग फक्त पांढऱ्या रंगाच्या जागीच असतील, कागदावर नसतील, तर बुरशी नव्हे, शिशाचा पांढरा रंग काळा पडलाय. कोळशाच्या आणि गॅसदिव्याच्या धुरातल्या गंधकाने त्याचे काळे लेड सल्फाइड होते. म्हणून शहाणे चित्रकार पांढऱ्या पक्ष्याला पांढरा लावतच नसत, कागद मोकळा सोडून नुसत्या फिक्या करड्याने गोलाई आणत. १८३४ नंतर जस्ताचा 'चायनीज व्हाइट' आला, तो काळा पडत नाही. संवर्धक हायड्रोजन पेरॉक्साइडने काळ्याचे परत पांढरे करतात, पण घरी करू नका. कागद आणि शेजारचे रंग दोन्ही जातात.

गंगाधरपंत

आमच्या घरच्या पांढऱ्या सदऱ्यांचेही असेच होते. गंधक नाही, सांबार.

पिंपळपान

विषयावर या हो. १९०० च्या पुढचे कुणी काढतच नाहीये. गॉडमनचा पेट्रेलांवरचा ग्रंथ, १९०७ ते १०, २२५ प्रती, शंभराहून जास्त हाताने रंगवलेली चित्रे, सगळी कोइलेमान्सची. जातीजातींमधला करड्याचा फरक बघायचा असेल तर त्याच्याइतका काटेकोर कुणी नाही. पण तोही कातड्यांवरून, त्यामुळे पक्षी बऱ्याचदा त्याच दोन-तीन ठेवणींत उभे.

त्याच सुमारास एडवर्ड विल्सन १९०१ ते ०४ च्या 'डिस्कव्हरी' मोहिमेवर बर्फात बसून काढत होता. जलरंग गोठतात म्हणून बाहेर फक्त पेन्सिल आणि रंगांच्या नोंदी, रंगकाम आत येऊन. त्याच्या पक्ष्यांना वजन आहे, वारा आहे. पुढे १९३६ मध्ये मर्फीच्या दक्षिण अमेरिकेच्या समुद्रपक्ष्यांसाठी फ्रान्सिस ली जॅक्सने काढले, तिथे अल्बाट्रॉस शेवटी लाटांवर तिरका झाला.

दर्यावर्दी

बरेच मिळाले. आता दुसऱ्या प्रश्नावर कुणी स्पष्ट बोला: सरावाला काय घ्यायचे?

हाडं_आणि_पिसं

एकच माणूस घेऊ नका, अवयव वाटून घ्या. चोच-पायाच्या रंगासाठी पार्किन्सन आणि फॉर्स्टर. पिसांच्या छटा आणि जातींमधले फरक कोइलेमान्सकडून. पांढऱ्याभोवती अवकाश कसा ठेवायचा ते हॅवेलकडून. उड्डाणाची ढब विल्सन आणि जॅक्सकडून. एडवर्ड्स वाचायला, नक्कल करायला नको. बरीचशी 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'वर फुकट आहेत, पण स्कॅनमध्ये कागदाचा पिवळेपणा मिसळलेला असतो. समासाचा रंग आधी मोजून वजा करा.

आणि काढायला बसाल तेव्हा पिसांपासून सुरुवात करू नका. आधी खांदा, कोपर, मनगट हे तीन बिंदू. अल्बाट्रॉसमध्ये खांदा ते कोपर आणि कोपर ते मनगट ही दोन्ही अंतरे मोठी, हात त्यामानाने आखूड. हाताची मोठी पिसे १०, ती बहुतेक पक्ष्यांत तेवढीच. कोपर ते मनगटमधली मात्र पंचवीसच्या वर, स्टॉर्म पेट्रेलमध्ये जेमतेम दहा. लांबी तिथून येते. हाताची पिसे ताणून लांब केली की अल्बाट्रॉसचा गल होतो.

निळीशाई

कोपर ते मनगट सरळ काढायचे की वाकवून?

हाडं_आणि_पिसं

हाड सरळच. वाऱ्यावर तरंगताना कोपर आणि मनगटात किंचित वाक, जोराच्या वाऱ्यात मनगट जास्त मागे. खांद्यात पंख अडकवून ठेवणारी स्नायुबंधाची कडी असते, म्हणून पंख खांद्याच्या वर फारसा उचललेला काढू नका. कबुतरासारखे 'व्ही' आकारात उचललेले पंख दिसले की चित्र बंद करून पुढचे बघा.